ऐंशी टक्क्यांवरचा नितीन

आमचा नितीन कॉम्प्युटरला अहो-जाहो करतो. थट्टेनं नाही, अगदी मनापासून. सकाळी लॅपटॉप उघडला की त्यातल्या एआयला लिहितो, ‘नमस्कार. काल जिथं थांबलो होतो तिथून पुढं जाऊ या का?’ उत्तर चुकीचं आलं तर लिहितो, ‘माझंच सांगायचं राहिलं असेल. पुन्हा एकदा बघता का?’ सख्ख्या बापाशी ज्याचं महिनोन् महिने चार वाक्यं धड बोलणं होत नव्हतं, तो माणूस मशीनची उठता-बसता माफी मागायचा. मी एकदा म्हटलं, ‘अरे, ती काय तुझी सासरवाडी आहे का?’ तर म्हणाला, ‘दादा, ते माझं काम करतंय. काम करणाऱ्याला अरेतुरे करू नये.’ आता यावर काय बोलणार, कपाळ?

मी शंकर. नितीनच्या आणि आमच्या शेताचा बांधाला बांध. केडगाव स्टेशनापासून तीन-साडेतीन किलोमीटर आत आमची वस्ती. मी स्वतः बारा वर्षं शिरूरकडच्या एका कंपनीत शिफ्ट केल्या, मग कंटाळून परत आलो आणि झेंडू-शेवंतीत पडलो. त्यामुळे मशीन म्हणजे काय ते मलाही थोडं कळतं. न कळणाऱ्या माणसानं हे लिहिलंय असं कुणी समजू नये.

नितीन पुण्याला मोठ्या पगारावर होता. चार वर्षांपूर्वी एका टेम्पोत दोन स्क्रीन, एक फिरती खुर्ची आणि स्वतःला घालून घरी आला. नोकरी तीच, फक्त आता वरच्या खोलीतून. महिन्यातून दोन दिवस ऑफिसात तोंड दाखवायला जातो. पण त्याच्या वडलांना, म्हणजे आबांना, हे कधी पटलंच नाही. आबांचं म्हणणं, ‘माणूस हरल्याबिगर घरी येत न्हाई.’ पोरगं सांगायचं, काम तेच आहे, पगार तोच आहे. आबा म्हणायचे, ‘मग हिकडं कशाला आलास?’ त्याचं उत्तर नितीनला देता आलं नाही, आणि तिथून दोघांचं बोलणं तुटलं. मधे त्याची आई, म्हणजे आमच्या काकू, होत्या म्हणून घर चालायचं. ‘त्याला म्हणावं, जेवायला ये.’ ‘आई, आबांना विचार, औषध घेतलं का.’ तिघं एकाच ओसरीत बसलेले असायचे, बरं का. दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. घरात उरले दोन पुरुष आणि एक कुत्रं.

नितीनला एक खोड आहे. ऑफिसचं काम संपलं की हा स्वतःचं काम काढतो. त्याला ‘पर्सनल प्रोजेक्ट’ म्हणतो. या गोष्टीआधी मी मोजले तेवढे सतरा झाले होते, आणि एकही पूर्ण नव्हता. कधीही विचारा, ‘नितीन, कुठवर आलं?’ उत्तर ठरलेलं: ‘ऐंशी टक्के झालंय दादा, कडा तेवढ्या घासायच्यात.’

एकदा त्यानं कुत्र्याच्या भुंकण्यावरून दारात पाव्हणा आलाय की परका, हे ओळखणारा प्रोग्राम केला. मी चौदा वेळा गेलो, चौदाही वेळा मी परका निघालो. चाळीस वर्षांचा शेजार! नितीन म्हणाला, ‘त्यात कुत्र्याचंही मत धरावं लागतं.’ मग रेल्वेचा भोंगा ऐकून गाडी किती लेट आहे ते सांगणारा एक. गाडी निघून गेल्यावर तो अगदी बरोबर सांगायचा. तिसरा दूध उतू जाण्याआधी इशारा देणारा. त्या दिवशी आम्ही दोघं स्क्रीनसमोर टक लावून बसलो, इशारा आला, नितीननं टाळी वाजवली, आणि खाली सगळी शेगडी दुधानं भरली. हा म्हणतो, ‘बघितलंत? सत्तावीस सेकंद आधी कळलं!’ अरे पण शेगडीपाशी कोण होतं?

मी म्हणायचो, आता तुझ्याकडं एआय आहे ना, मग पूर्ण का होत नाही? त्यावर तो खुर्ची माझ्याकडं फिरवायचा. ‘दादा, पूर्वी लिहायला आठवडा लागायचा आणि काय लिहायचं ते पाच मिनिटांत ठरायचं. आता लिहून पाच मिनिटांत मिळतं, आणि आपल्याला नक्की काय पाहिजे हे ठरवायला आठवडा जातो.’ आणि म्हणायचा, ‘ते सगळं करून देतं. कशाला हात लावायचा नाही, एवढंच आपण सांगायचं असतं.’ मी मान हलवायचो. माझं लक्ष खाली, चहा कुणी टाकणार आहे का, याकडं.

आता विहिरीचं सांगतो, कारण खरी गोष्ट तिथंच आहे. आमच्या दोन घरांत एक सामाईक विहीर. पाण्याची पाळी दोन दिवस त्यांची, दोन दिवस आमची. ऐकायला सोपं वाटतं. पण मोटरची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, आणि मधेच गेली तर जेवढे तास बुडाले तेवढे पुढं ढकलून द्यायचे. हा हिशेब काकू भिंतीवरच्या कॅलेंडरात ठेवायच्या. त्यांच्या अक्षरापुढं कुणाचं काही चालायचं नाही. आबा तर पाण्याच्या बाबतीत भलते कडक. एकदा माझी मोटर त्यांच्या पाळीत अर्धा तास जास्त चालली, तर ते विहिरीवर येऊन उभे राहिले आणि दुसऱ्या दिवशी अर्धा तास मोजून घेतला. दुसऱ्याचं घ्यायचं नाही आणि स्वतःचं सोडायचं नाही, हा त्यांचा बाणा. चाळीस वर्षांत आपल्या पाळीचं पाणी त्यांनी तासभरही कुणाला सोडलेलं मला आठवत नाही.

काकू गेल्यावर कॅलेंडर कोरं राहिलं आणि आमची रोजची कटकट सुरू झाली. तेव्हा नितीननं अठरावा प्रोजेक्ट काढला. एक जुना टॅब ओसरीतल्या खांबाला ठोकला. आज पाळी कुणाची, लाईट कधी, सगळं त्यावर दिसायचं. मला तेच सकाळी सहाला मोबाईलवर यायचं. मी खूश झालो. म्हटलं, चला, एवढं तरी कामाचं केलं.

कसलं काय! रोज काहीतरी एक चूक. कधी पाळी उलटी, कधी लाईटचा तास चुकीचा. आबा सकाळी चहा घेऊन टॅबपुढं उभे राहायचे, चष्मा वर-खाली करायचे, आणि काठी टेकत जिना चढायचे. अकरा पायऱ्या. मग वरून आवाज यायचा, थेट माझ्या बांधापर्यंत.

‘चुकलं की रं तुझं यंत्र.’

‘काय चुकलं, आबा?’

‘आज पाळी शंकरची हाय. मंगळवारी तीन तास लाईट नव्हती, ती धरली न्हाईस.’

‘व्हय की. ऐंशी टक्केच झालंय, आबा. तुम्ही रोज तपासून सांगत जा.’

साडेसातला मला दुसरा मेसेज यायचा: ‘दुरुस्ती. आज पाळी शंकरदादांची. आबांनी सांगितलं.’ हे असं सहा महिने. सहाला एक, साडेसातला दुसरा. आबा वर गेले की खाली यायला कधीकधी नऊ वाजायचे. मला वाटायचं, म्हातारा पोराला झाडतोय.

एके दिवशी मी सहाच्या मेसेजवर विश्वास ठेवून मोटर टाकली, दुरुस्ती वाचायची राहिली, आणि आबांनी मला बांधावर उभं करून ऐकवलं. ‘शंकर, यंत्र येडं हाय, तू तर शाना हायेस ना?’ पोराला एक शब्द नाही, बोलणी मला! माझं डोकंच फिरलं.

त्याच आठवड्यात नितीन दोन दिवस पुण्याला गेला. लाईट गेली तर मशीन परत चालू करायला किल्ली आणि पासवर्ड माझ्याकडं असतो. मी वर गेलो, त्याच्या खुर्चीत बसलो आणि एआयला त्याच्याच पद्धतीनं लिहिलं, ‘नमस्कार. हा पाळीचा प्रोग्राम रोज चुकतो. उरलेलं वीस टक्के करून देता का?’

चहा निवेपर्यंत उत्तर आलं. प्रोग्राम पूर्ण आहे, फक्त एका ओळीमुळे रोज एक चुकीची माहिती जाते. त्या ओळीशेजारी मराठीत टीप आहे, ‘हे काढू नये.’ काढायचं का?

मी हसलोच. चूक ठेवा अशी टीप कोण लिहितं? आमच्या कंपनीतही एक बटण होतं, त्यावर लिहिलेलं, ‘हात लावू नये.’ का, ते कुणालाच माहीत नव्हतं. मी लिहिलं, ‘काढा.’ काढलं. दहा मिनिटांत अठरावा प्रोजेक्ट शंभर टक्के. अभिमानानं छाती फुगली, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी सहाचा मेसेज आला, तंतोतंत बरोबर. साडेसातला काही नाही. नितीन परत आला, तिसराही दिवस बरोबर, चौथाही. आबा टॅबपुढं उभे राहायचे, चष्मा वर-खाली करायचे आणि परत खाटेवर जाऊन बसायचे. जिन्याकडं नुसतं बघायचे.

पाचव्या दिवशी नितीन माझ्या झेंडूच्या सरीत येऊन उभा राहिला. शेतात येणाऱ्यांतला तो नाही. चपलेत माती गेलेली.

‘दादा, ती ओळ तुम्ही काढली?’

‘मग! पूर्ण करून दिलं तुझं. पेढे काढ.’

तो खाली बसला. एक फूल खुडलं, हातात फिरवत राहिला. ‘आई गेल्यावर आबा माझ्याशी काय बोलणार होते? त्यांच्याकडं विषय नव्हता, माझ्याकडंही नव्हता. मी सगळं बरोबर करून दिलं असतं तर ते कशाला वर आले असते? चूक सांगायला यायचे. मग बसायचे. आधी पाळीचं, मग पाण्याचं, मग आईचं बोलायचे. एकदा म्हणाले, तू आलास ते बरं झालं.’ फुलाच्या पाकळ्या तो एकेक करून मातीत टाकत होता. ‘शंभर टक्के कुणाला पाहिजे होतं, दादा?’

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सहा महिने मी खालून ऐकत होतो, आणि मला काय कळलं, तर पोराला झाडतायत. मी म्हटलं, ‘परत घालू ती ओळ. आत्ता घालू.’

‘नको. चार दिवस बरोबर चाललेलं एकदम चुकायला लागलं तर मी मुद्दाम करतोय हे आबांना लगेच कळेल. मग तर ते कधीच येणार नाहीत.’

दुपारी मी आबांकडं गेलो. तोंड उघडायचं धाडस नव्हतं, तरी विचारलं, ‘आबा, वर गेला नाहीत हल्ली?’

आबा टॅबकडं बघत म्हणाले, ‘बरुबर दावतंय आता. कशाचं निमित्त काढून जाऊ?’ मग काठी हातात घेतली. ‘पोरगं हुशार हाय, शंकर. रोज मुद्दाम नवी चूक घालायची म्हंजी सोपं काम न्हाई.’

मी चमकून बघितलं. ते काठीनं जमिनीवर काहीतरी गिरवत होते. मी तसाच उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मेसेज आला: ‘आज पाळी आबांची. लाईट आठ ते चार.’ मी बोटांवर हिशेब केला. पाळी आबांचीच होती, काही शंका नाही. त्यांचा कांदा पाण्यावर आला होता, पात सुकायला लागलेली, आदल्या संध्याकाळी मीच बघितला होता. मी बांधावर फुलं तोडत होतो, तिथून त्यांची ओसरी दिसते. आबा टॅबपुढं उभे राहिले. चष्मा वर केला, खाली केला. मग काठी घेतली आणि जिना चढायला लागले.

वरून आवाज आला. चांगला खणखणीत.

‘नितीन, चुकलं की रं तुझं यंत्र. आज पाळी शंकरची हाय.’

मला वाटलं, आता हा शहाणा हिशेब काढून दाखवतो. मी हातातली फुलं तशीच धरून उभा राहिलो.

मग नितीनचा आवाज आला. ‘व्हय आबा, चुकलंच. बसा तुम्ही. बघतो मी.’

साडेसातला माझा मोबाईल वाजला. ‘दुरुस्ती. आज पाळी शंकरदादांची. आबांनी सांगितलं.’

मी परत वर गेलो नाही, काही विचारलंही नाही. आठला लाईट आली. मोटर टाकली नसती तर आबा विचारायला खाली आले असते, म्हणून टाकली. आबांच्या वाटणीचं पाणी सरीसरीनं माझ्या झेंडूत शिरत होतं, आणि वरचं बोलणं नऊ वाजून गेले तरी चालू होतं.