इक्बालभाई आणि हट्टी पेशी

इक्बालभाई कॅन्सरच्या पेशींना दम देत असले, की प्रयोग नीट चाललाय असं आम्ही समजतो. "घे रं, घे! सगळ्यांनी घेतलं, तुला काय वेगळं आमंत्रण पाठवू?" अंधाऱ्या खोलीतून असा आवाज आला, की नवा माणूस बिचकतो. आत इक्बालभाई आणि मायक्रोस्कोप, दोघंच.

खालापूरजवळच्या आमच्या प्रयोगशाळेत बशीत कॅन्सरच्या पेशी वाढवतात आणि त्यांच्यावर औषध सोडतात. औषध हिरवं चमकतं, त्यामुळे कुठल्या पेशीत किती शिरलं ते पडद्यावर दिसतं. बाकीचे आम्ही हजारो पेशींची सरासरी काढतो आणि जेवायला जातो. भाईंना ते पटत नाही.

"कर्जतच्या बाजारात सरासरी माणूस भेटला काय गं तुला कधी?"

ते एकेक पेशी बघतात आणि तिला नात्यात बसवतात. निमूट औषध घेऊन मरणारी म्हणजे त्यांचा गरीब मावसभाऊ. आत आलेलं औषध उलट बाहेर फेकणारी म्हणजे थोरले चाचा. "पावना दारात आला, की ह्यांचं डोकं दुकतं!" एकदा अशाच एका पेशीवर रागावून ते दुपारी जेवले नाहीत. पेशीला त्याचं काही वाटल्याचं दिसलं नाही.

गेल्या महिन्यात कळंबची सुनंदावहिनी मला न्यायला आली. तिचा नवरा, म्हणजे माझा चुलतभाऊ, केमोसाठी हॉस्पिटलात होता. आम्हाला त्याच्याकडेच जायचं होतं. मी आवरेपर्यंत ती भाईंच्या खोलीत डोकावली.

"भाऊ, औषध कसं काम करतं ते हितं दिसतं म्हणं?"

भाईंनी स्टूल पुढे केलं. पडद्यावर हिरव्या पेशी आक्रसून फुटत होत्या. मधोमध एक मात्र काळी, धडधाकट. वहिनीनं नेमकं तिच्यावरच बोट ठेवलं.

"हिला कायच नाय झालं?"

मी धास्तावले. आता थोरले चाचा निघणार, मागोमाग सगळं खानदान!

पण भाईंनी हळूच मायक्रोस्कोपचं चाक फिरवलं. ती पेशी कडेला सरकत सरकत पडद्याबाहेर गेली. समोर राहिल्या त्या सगळ्या हिरव्यागार, मरणाऱ्या.

"ह्या बघा वैनी, कशा मरतायत."

वहिनी बराच वेळ बघत राहिली. मग "मरू देत मेल्या," म्हणाली, पदरानं डोळे पुसले आणि चपला घालायला बाहेर गेली.

"भाई," मी म्हटलं, "ती मधली..."

"गप गं." त्यांनी पडद्यावरची नजर काढली नाही. "तिला आता नवऱ्यासमोर जाऊन हसायचं हाय."