कातडीवरून ओळखणाऱ्या कर्णिक बाई

कर्णिक बाईंना माणसाचं तोंड लक्षात राहत नाही. बाजारात मी नमस्कार केला की अनोळखी माणसासारख्या बघायच्या. माझी बायको शेवंता सोबत असली की तिच्या कोपराकडे नजर जायची आणि लगेच, "अहो शेवंताताई, भाजी घ्यायला का?" एकदा मी विचारलंच. म्हणाल्या, "काका, तोंडं सगळी सारखीच. कातडी ज्याची त्याची."

या बाई आमच्या सिल्वासात कातडीच्या डॉक्टर. मी चौथी शिकलेला, शिरपूरकडचा, उभा जन्म धाग्याच्या कंपनीत गेला. मोठ्या माणसांचं कौतुक करायची मला सवय नाही. पण यांचं करणार.

दवाखान्यात ट्यूबलाइट असताना बाई पेशंटला खिडकीशी उन्हात उभं करतात. पहिलं वाक्य, "मलम काढा." मेडिकलवाल्याने परस्पर दिलेलं मलम निघालं की ते कचऱ्याच्या डब्यात, नवंकोरं असलं तरी. सामरवरणीचा एक मेडिकलवाला तर बाई रस्त्याने येताना दिसल्या की शटर अर्धं ओढून घेतो.

शेवंताच्या पाठीवर, कमरेवर चट्टे होते. सगळे म्हणायचे गजकर्ण. खाजेने तिची झोप गेलेली. बाईंनी उन्हात एकेक चट्टा पाहिला. मग म्हणाल्या, हा त्वचेचा लिम्फोमा असावा. कॅन्सरच, पण सावकाश चालणारा. रक्तातल्या पेशी कातडीत घर करतात, वरून गजकर्णासारखं दिसतं, म्हणून लोकांची वर्षं वाया जातात. मी सरळ म्हटलं, बाई, घाबरवू नका, काहीतरी लावायला द्या. त्यांनी मला बाहेर बसवलं.

कातडीचा तुकडा काढून तपासायला पाठवला. काही निघालं नाही. पुन्हा पाठवला, तरी नाही. बाकीचे डॉक्टर हसायला लागले, म्हणे बाईंना सगळीकडे लिम्फोमाच दिसतो. मीही वैतागलो. एकाच बाईला किती टोचणार? बाईंचं एकच, "रिपोर्ट चुकेल, माझे डोळे नाही चुकायचे."

पुढच्या खेपेला शेवंता पाठ करून उभी राहिली आणि बाईंनी पाठीला नाक लावलं. खरंच सांगतो, वास घेतला. मलम लावलंत का, म्हणाल्या. शेवंता लाजली. ट्यूब तिनं घरी लपवलेली. एवढी शिकलेली बाई बघणार, तर पाठ जरा बरी दिसावी म्हणून दवाखान्यात यायचं ठरलं की ती आधी आठवडाभर मलम चोळायची. पाहुणे येणार म्हणून ओटा सारवावा तसं. त्या मलमानंच रोग झाकला जात होता. मला वाटलं, आता हिची काही धडगत नाही. तर बाई स्टुलावर बसून हसत सुटल्या. म्हणाल्या, "ताई, माझ्याकडे आहे तसं यायचं. सारवून नाही."

मलम बंद ठेवलं, मग पुन्हा तुकडा काढला आणि लिम्फोमा निघाला. हसणारे गप्प झाले. यंत्राच्या प्रकाशात उभं करायचे उपचार झाले, चट्टे विरले, शेवंता निवांत झोपायला लागली.

बाई मात्र थांबल्या नाहीत. अथाल, किलवणी, आतले पाडे फिरल्या. कोड समजून लोकांनी लपवलेले फिकट डाग उन्हात पाहिले. त्यातही काहींना हाच रोग निघाला. त्यावर त्यांनी लिहिलं, ते परदेशातले डॉक्टर वाचतात. मुंबईच्या सभेत पडद्यावर पहिली पाठ शेवंताची होती. तिला विचारूनच. ती म्हणाली होती, पाठ दाखव, तोंड नको. जन्मभर डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही तिनं, आणि तिची पाठ बघून सभागृहभर डॉक्टर शिकले. माझी छाती फुगते, का फुगू नये?

गेल्या हिवाळ्यात शेवंता गेली. कातडीनं नाही, हृदयानं. मी सांगायला गेलो.

"शेवटी खाज होती?" बाईंनी विचारलं.

"नव्हती. झोपेतच गेली."

बाई टेबलावरच्या वस्तू उगाच सरळ करत राहिल्या. मग म्हणाल्या, "दर रविवारी दुपारी त्यांचा फोन यायचा, काका. जेवलीस का, एवढंच विचारायच्या. मला विचारणारं दुसरं कुणी नाही."

मला ठाऊकच नव्हतं. मी समजायचो, ही बहिणीशी बोलते.

आता शेवंताच्या फोनवरून मी लावतो. गोड बोलणं मला जमत नाही. परवा नाही म्हणाल्या, तर चांगलं झापलं. एवढी मोठी डॉक्टर, आणि दुपारचे तीन वाजले तरी उपाशी.