आवाज कुणाच्या पोटातला

"शर्ट काढा आणि अजिबात हलू नका," डॉक्टरबाई म्हणाल्या, तेव्हापासून बाप श्वाससुद्धा बेताबेताने घेत होता.

लेक दिवस भरायच्या आधीच आली होती, ओंजळीत मावेल एवढी. नाकातल्या नळीतून दूध पोटात जायचं, पण ते पचतंय की नुसतंच साचतंय, हे कळत नव्हतं. म्हणून तिच्या पोटावर शर्टाच्या बटणाएवढा मायक्रोफोन चिकटवला होता. सुई नाही, टोचाटोची नाही. आतडी चालू लागली की स्पीकरवर बारीक गुडगुड ऐकू येणार. आली तर दूध वाढणार, नाही तर ते बंद करून सलाईन. काचेच्या पेटीत होती तोवर स्पीकर मुकाच होता. बापाच्या उबेने काही फरक पडतो का बघावं, म्हणून तो आता खुर्चीत रेलला होता आणि ती त्याच्या उघड्या अंगावर पालथी झोपली होती. पट्टी ओढली तर कातडी सोलवटेल, म्हणून मायक्रोफोन जागच्या जागीच होता.

"तुम्ही जेवलात ना?" शेजारच्या स्टुलावरून बायकोने दबक्या आवाजात विचारलं.

"हो तर. पोटभर."

त्याच क्षणी स्पीकर गरजला. रिकामं पिंप जिन्यावरून गडगडत खाली यावं तसा.

डॉक्टरबाईंचा चेहरा उतरला. "एवढ्याशा पोटातून एवढा आवाज? कुठेतरी अडकलं असेल. दूध थांबवावं लागेल."

बाप घाबरला. घाबरला की त्याच्या पोटात ढवळायचं. आता ढवळलं, आणि स्पीकर दुप्पट गरजला.

"वाढतंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. ते ऐकून तो आणखी घाबरला.

त्यांनी लेकीला अलगद उचलून पेटीत ठेवलं. स्पीकर एकदम गप्प झाला. गडगडाट मात्र चालूच राहिला, आणि तो खुर्चीतून येत होता.

"पोटभर कधी जेवलात?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"परवा," तो पुटपुटला. "तिला पचत नाही म्हटल्यावर माझ्याही घशाखाली घास उतरेना."

"मग खोटं कशाला बोललात?" बायको भडकली. "इथे पोरीचं दूध बंद होत होतं."

डॉक्टरबाई जरा वरमल्या आणि त्यांनी त्याला कँटीनला पिटाळलं. कसेबसे चार घास ढकलून तो परतला. लेक पुन्हा त्याच्या अंगावर आली. स्पीकर गप्पच. आता बापाचं पोट रिकामं नव्हतं. आवाज आला तर तो तिचाच, आणि नाही आला तर दूध बंद. त्याने डोळे गच्च मिटले. बायकोने त्याचा दंड धरला.

आणि मग बारीक गुडगुड आली. थांबली. पुन्हा आली. पाठोपाठ त्याच्या पोटावरून काहीतरी कोमट ओघळलं. लंगोट हरला होता.

"दूध वाढवू या," डॉक्टरबाई हसून म्हणाल्या आणि त्यांनी स्पीकर बंद केला. बापाला रडू आलं, ते त्याने लपवलंही नाही.

तेवढ्यात पुन्हा तोच दणदणीत गडगडाट झाला. डॉक्टरबाईंनी बापाकडे पाहिलं. बापाने नकारार्थी मान हलवली आणि स्टुलाकडे पाहिलं.

"तूसुद्धा?"

"मी कुठे म्हटलं जेवले म्हणून?" बायको छताकडे बघत म्हणाली. "तुम्ही विचारलंच नाहीत."