पाठीमागून पाहायचं चित्र

आमच्या लोणावळ्याचे खंडूआबा स्वतः छापलेलं चित्र नेहमी पाठीमागून पाहत. पतंगाचा पातळ कागद खिडकीशी उजेडात धरायचा, कोरी बाजू आपल्याकडे, आणि मान डोलवायची: "हां, आता बराबर."

चित्रात असायचं काय, तर चौकोन, त्रिकोण, दोन आडव्या रेघा. रेल्वेच्या रुळांखालच्या जुन्या लाकडी स्लीपरच्या तुकड्यावर आबा ते कोरत, काजळी आणि जवसाचं तेल फासत आणि वर कागद ठेवून लाटणं फिरवत. दरवेळी तेच चौकोन. मी पडलो शाळेतला चित्रकलेचा मास्तर. न विचारता मत देणं हा माझा धर्मच. म्हटलं, "आबा, निदान एक झाड तरी काढा."

"मंग ह्यो तिरकोन कसला वाटला तुमास्नी?"

तेव्हा कुठे मला कळलं की हे आबांचं गाव. चौकोन म्हणजे घरं, त्यातला थोरला आबांचं, रेघा म्हणजे ओढा. धरणाचं पाणी चढून गाव खाली गेल्याला पंधराएक वर्षं झाली होती.

"अहो, सुलटं कोरता म्हणून छाप उलटा येतो. लाकडावरच उलटं कोरा! छाप आपोआप सुलटा येईल."

"आपलंच घर उलटं कोरू? हात धजत न्हाई, मास्तर."

पुढे शाळेत प्रदर्शन भरलं. मी आबांचा एक छाप मागून आणला आणि सुरकुतू नये म्हणून जाड पुठ्ठ्यावर खळ लावून झकास चिकटवला. दिवसभर स्वतःच्या हुशारीवर खूश होतो. संध्याकाळी आबा आले. त्यांनी चित्र उचलून खिडकीशी धरलं. मागून नुसता पुठ्ठा.

"दारच लावून घेतलंत की वो."

"त्यात काय, दुसरा छापू!"

"ठोकळा कालच मधोमध चिरला, तसलं लाकूड आता मिळत न्हाई. ह्योच शेवटचा."

मी धावत जाऊन परातभर पाणी आणलं. "खळ भिजली की सुटेल. शाई तेलाची आहे, तिला काही होत नाही."

आबांनी परातीवर हात आडवा धरला. "शाईचं न्हाई म्हनत मी. पान्यात नगं."

मी परात मोरीत रिकामी केली.

मग चार संध्याकाळी आम्ही दोघं तो पुठ्ठा कोरडाच, चाकूने आणि नखांनी, पापुद्रा पापुद्रा खरवडत बसलो. अगदी शेवटचा पापुद्रा माझ्या वाट्याला आला, आणि थोरल्या चौकोनात बोटाएवढं भोक पडलं. मी जीभ चावली.

आबांनी कागद खिडकीशी धरला. मावळतीचं तांबडं ऊन त्या भोकातून आत आलं.

"असू द्या," आबा म्हणाले. "चूल तितंच व्हती."