आठवड्याची सरासरी

दूध तपासण्यात त्याचा हात धरणारा डेअरीत कुणी नव्हता. बाटली नुसती हलवून आत पाणी किती ते तो सांगायचा, आणि हे सांगायची संधी तो सहसा सोडत नसे. लग्नाला सहा वर्षं झाली होती. मूल दोघांनाही हवं होतं, अगदी मनापासून. डॉक्टरीणबाईंनी बायकोला सांगितलं, "रोज लघवीत पट्टी बुडवा. रेघ गडद झाली की तो दिवस आणि दुसरा दिवस, दिवस राहायला तेवढेच चांगले." ते ऐकून त्याने पट्ट्यांचा डबा आपल्या ताब्यात घेतला.

"एका नमुन्यावर भरवसा ठेवायचा नसतो," तो बायकोला म्हणाला. "आम्ही आठवडाभराचं थोडं थोडं दूध एका बाटलीत साठवतो आणि एकदाच तपासतो. पट्ट्याही वाचतात."

तीन महिने फ्रिजच्या तळाशी बाटली भरत राहिली. दर रविवारी रेघ फिकटच. तो मात्र खूश.

"बघ, दर्जा कसा एकसारखा आहे."

रविवारच्या रेघांचा त्याचा तक्ता पाहून डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "अहो, तो एक दिवसच तर पकडायचा होता. तुम्ही त्यात बाकीचे सहा दिवस ओतलेत."

घरी आल्यावर बायकोने डबा आपल्या कपाटात ठेवला. "मोजायचं मी बघते. तुम्ही बोलावलं की या."

पुढच्या महिन्यात, मंगळवारी सकाळी दहाला तिचा फोन आला. "रेघ गडद आलीय. निघा."

दारात उभा टँकर न तपासता तो निघाला, चौदा वर्षांत पहिल्यांदा. साहेबांनी कारण विचारलं. खोटं बोलणं त्याला जमत नसे.

"बायकोने पट्टीवर लघवी तपासली. रेघ आलीय."

"म्हणजे तू बाप होणार!" साहेबांनी त्याला मिठीच मारली. खुलासा करत बसायला त्याला वेळ कुठे होता? तो बसमागे धावला आणि साहेबांनी आनंदाच्या भरात त्याच्या आईला फोन लावला.

आई दोन गल्ल्या पलीकडे राहायची. तो घरी पोचला तेव्हा दार तिनेच उघडलं. मागे बॅग होती आणि बॅगेमागे बायको, कपाळाला हात लावून.

"साहेबांकडून कळावं होय मला?" आई म्हणाली. "आता तू बाहेर सोफ्यावर झोप. मी हिच्यापाशी झोपते. तीन महिने जपायला हवं."

"अगं आई, अजून काहीच नाहीये."

"सुरुवातीला सगळे असंच सांगतात," म्हणत आईने सुनेला खोलीत नेलं आणि आतून कडी लावली.