बस्त्यावकाकांचा हलका पाय

ही गोष्ट सांगायची मी आजवर टाळली. आमच्या गास गावात बस्त्यावकाकांचा विषय निघाला की त्यांच्या गमती सांगण्यात मीच पुढे असायचो. पण नाशिकच्या फेरीपाशी आलो की काहीतरी काम आठवायचं आणि मी उठून जायचो. काकांना हसणारे बहुतेक सगळे गेले. मी उरलोय. तेव्हा आज गमतीही सांगतो आणि फेरीचंही सांगतो.

बस्त्यावकाका आपल्या गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचे. "पोट साफ करून आलास ना?"

समोर कोण आहे ते बघायचे नाहीत. एकदा आमच्या फादरांना अर्नाळ्याला एका आजाऱ्याला कम्युनियनचा प्रसाद द्यायला जायचं होतं. काकांनी दार उघडलं आणि त्यांनाही विचारलं. फादरांचे कान लाल झाले.

"बस्त्याव, अरे मी धर्मगुरू आहे!"

"म्हणून काय झालं फादर? वजन ते वजन. गाडीला धर्म कळत नाही."

फादर मुकाट्यानं आत जाऊन आले.

गाडी म्हणजे वालीवच्या एका कारखान्यानं भंगारात काढलेली अ‍ॅम्ब्युलन्स. तिच्यात काकांनी घर केलं होतं. रबरी पट्ट्यांवर टांगलेला पलंग, खाली पाण्याच्या कॅनसाठी झाकणाची पेटी, रॉकेलचा स्टो, भांड्यांची फळी, पडदे आणि टपाखाली छोटा क्रूस. चाकांवर घर ही गोष्टच तेव्हा आमच्याकडे कुणी पाहिली नव्हती. लोक तिला 'बस्त्यावचा बंगला' म्हणायचे आणि लहान मुलं मागे धावायची. पण गाडी पेट्रोलवरची, आणि पेट्रोल दर वर्षी चढत होतं. केळीच्या वाडीवर जगणाऱ्या माणसाला हे वेड परवडणार कसं, असं सगळे विचारायचे.

काकांचं उत्तर ठरलेलं होतं. "पेट्रोल टाकीत नसतं रे. ते पायात असतं."

पाय म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरवरचा उजवा पाय. तरुणपणी त्यांनी केळीचा ट्रक चालवला होता. पिकल्या केळ्यावर पाय ठेवावा आणि साल फाटू नये, तसा पाय ठेवायचा, असं ते म्हणत. म्हणून गाडी चालवायची ती अनवाणी. गाडीत चढणारी प्रत्येक वस्तू घड तोलायच्या काट्यावर चढून मगच आत जायची. चमच्यांचे दांडे त्यांनी अर्धे कापले होते. लांब निघायच्या आधी दाढी आणि नखं व्हायचीच. वाडीच्या बांधावर बांबूला एक चिंधी बांधलेली असे. सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तेव्हा किनाऱ्याकडची कामं. दुपारनंतर खारा वारा सुटला की पूर्वेकडची. वारा पडला तर वालीवला गेलेला हा माणूस तिथंच बसून राहायचा.

"काका, चला की घरी!"

"थांब. फुकटचा ढकलणारा येतोय."

मीही खूप हसायचो. एकदा मात्र हसणं थांबलं. सेसिलकाकी, म्हणजे काकांची बायको, कण्याच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळल्या होत्या. बसणंसुद्धा जमायचं नाही. त्यांना डॉक्टरकडे न्यायचं होतं आणि मी मदतीला पुढे बसलो होतो. तेव्हाचा नालासोपाऱ्याचा रस्ता म्हणजे खड्ड्यांची माळ. काकांनी कुठं पाय उचलला, कुठं ठेवला, मला कळलंच नाही. गाडी थांबवायची असली की ते लांबूनच वेग सोडायचे, ब्रेकला पाय लावायचेच नाहीत. बैलगाडी ओलांडली, म्हशी ओलांडल्या, फाटक आलं. मी मागे वळून पाहिलं. काकींच्या उशाशी काठोकाठ भरलेला पेला होता. एक थेंब सांडला नव्हता. काकी डोळे मिटून हसत होत्या.

त्या दिवशी मला कळलं की हा माणूस पेट्रोल मोजत नव्हताच. जो धक्का पेट्रोल खातो, तो आधी काकींच्या पाठीत जातो. लिटरमागे गाडी जास्त चालली याचा अर्थ त्या दिवशी काकींना कमी दुखलं.

काकींना वेलंकनीच्या मातेकडे जायचं होतं. सबंध दक्षिण ओलांडून. आगगाडीत त्यांना चढवणं शक्य नव्हतं. सगळा बंगला उभा राहिला तो त्यासाठी. काकांनी हिशोब केला होता. वाडीतून येईल ते आणि काकींच्या बांगड्या, एवढ्यात भागवायचं तर चढावरही गाडीनं लिटरला नऊ दिले पाहिजेत. दिले तर निघायचं, नाहीतर वाटेत आजारी बाईला घेऊन अडकायचं. म्हणून आधी कसाऱ्याचा घाट चढून नाशिकपर्यंत चाचणी. पलंगावर काकींच्या वजनाची भाताची पोती, बाकी सामान जसंच्या तसं. फक्त पाण्याचे कॅन रिकामेच, म्हणून घरी ठेवले होते. पाणी वाटेत रोजच्यापुरतंच घेणार होते.

माझी बहीण नाशिकला दिलेली. तिच्या मुलीचं लग्न होतं आणि आदल्या दिवशी नवरीच्या अंगाला नारळाचा रस लावतात, त्या रसाच्या विधीला नारळ हवे होते. माझ्या वाडीत नारळ पडून होते. ट्रान्सपोर्टवाला भाडं भरमसाट सांगत होता. वेलंकनीलाही काकींना उचलायला एक माणूस लागणारच होता, म्हणून काकांनी मला सोबत घ्यायचं कबूल केलं, एका पिशवीसह, तीही तोलून. निघायचं दुपारी, खारा वारा सुटल्यावर; सकाळी ते चाचणी नीट व्हावी म्हणून चर्चमध्ये मिस्साला गेले. तेवढ्यात मी नारळांची दोन पोती पलंगाखालच्या रिकाम्या पेटीत भरली, पेंढा कोंबला आणि झाकण लावलं.

घाटात काका सारखा गिअर बदलू लागले. कान इंजिनाला लावल्यासारखा चेहरा. मध्येच पायाकडे बघायचे, तळवा पुसायचे, पुन्हा ठेवायचे.

"आज काय होतंय रे हिला?"

"घाट आहे काका."

"घाट मी आज पाहतोय का?"

नाशिकला ते विहिरीवर हातपाय धुवायला गेले. मी आणि मेहुण्यानं नारळांची पोती उतरवून घेतली. मग ते पंपावर जाऊन टाकी भरून आले आणि पायरीवर बसले.

"नऊ नाही दिले. आठसुद्धा जेमतेम."

"येताना देईल की."

"उतारावर कोणीही देतं. चढावर दिलं ते खरं." मग आपल्या उजव्या पायाकडे बघत म्हणाले, "गाडी तीच आहे. वजन तेच आहे. माझा पाय जड झाला रे."

त्याच क्षणी बोलायला हवं होतं. पण अंगणात मांडव, पाहुणे, बहीण नारळ सोलत बसलेली. म्हटलं, परतताना सांगू. परतताना म्हटलं, घरी गेल्यावर. घरी मी एवढंच म्हणालो, "काका, पुन्हा एकदा चाचणी घ्या."

"पाय एकदा जड झाला की झाला," ते म्हणाले. "याच पायावर मी तिला नेणार होतो."

पुढच्या वर्षी पेट्रोल आणखी चढलं. गाडी वाडीत आंब्याखाली कायमची उभी राहिली. पण रोज संध्याकाळी काका काकींना उचलून आतल्या पलंगावर ठेवायचे, मागचं दार उघडायचे, स्वतः पुढे अनवाणी बसायचे आणि स्टिअरिंग धरायचे. इंजिन बंद.

"सेसिल, कोल्हापूर गेलं हं. डावीकडे उसाचं शेत."

"हळू हो. पेला सांडेल."

"सांडायचा नाही. आणि एक थेंब लागला नाही बघ. हिच्यासारखी देणारी गाडी जगात नाही!"

कुंपणापलीकडे मी घड उतरवत असायचो. दोघं हसत असायची. माझ्याच्यानं तिथं उभं राहवायचं नाही.

त्या प्रवासातच कधीतरी, वेलंकनीला न पोचता, काकी गेल्या. काका नंतर काही वर्षं होते. शेवटच्या आजारात मी भेटायला गेलो तो ठरवूनच गेलो होतो. वाक्यं पाठ केली होती.

त्यांनी मला ओळखलं. "ये. जरा पाय दाब रे. उजवा. हाच मेला जड."

मी पायाशी बसलो. तो पाय हातात घेतला. वाळक्या केळीच्या पानाइतका हलका होता. मी दाबत राहिलो. ते झोपले. मी उठून आलो.

काका, तुमचा पाय जड नव्हता. माझे नारळ होते.