मुळेकाकांचं मीटर

आमच्या गारखेड्याच्या अपार्टमेंटमध्ये माणसाला जिन्यात गाठून त्याचा फोन उघडायला लावणारा एकच इसम आहे : भुजंगराव मुळे. वीज कंपनीत मीटरचं रीडिंग घेण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर लोक फिरायला जातात, गुडघ्यांची चर्चा करतात. हे एका शोधनिबंधाचं रीडिंग घेतात.

निबंध कॅन्सरवरचा. शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी भिडवणारं औषध, म्हणजे इम्युनोथेरपी. त्याची चाचणी शहरातल्याच एका दवाखान्यात झाली आणि तिचा निष्कर्ष इंग्रजीत इंटरनेटवर छापून आला. त्या पानाच्या कोपऱ्यात आकडे असतात : किती जणांनी उघडलं, किती जणांनी पुढं पाठवलं. काकांना तो आकडा रोज बघायचा असतो, आणि तोही दुसऱ्याच्या फोनवर.

"मीटर रीडरनं सोताच्या घरचं रीडिंग घ्यायचं नसतं, ताई. नियमात बसत नाय."

उस्मानपुऱ्यात माझं औषधांचं दुकान आहे. शटरपाशी गिऱ्हाईक ताटकळत असतं आणि इथं मी जिन्यात कुणाचा तरी आकडा वाचून दाखवत असते. वरच्या मजल्यावरच्या सलमाभाभींनी तर तोंडावर सुनावलं, "चाचा, तुम्हारे पीछे मेरा डाटा सुबहइच खतम हो जाता." काका हलले नाहीत. आकडा घेऊनच खाली उतरले.

मग कुणीतरी सोसायटीच्या ग्रुपवर तीच लिंक टाकली, वर 'कॅन्सरवर रामबाण उपाय सापडला' अशी ओळ. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. काका पेटले. हात जोडणाऱ्या प्रत्येकाचं दार त्यांनी वाजवलं. काय वाचलं? कुठवर वाचलं? रामबाण कुठं लिहिलंय, दाखवा. चेअरमन म्हणाले, आपण फॉरवर्ड करायचं, वाचायचं डॉक्टरांनी. काकांनी त्यांना तिथंच चपलांच्या रॅकपाशी उभं करून झापलं, "मीटर पळतंय अन् घरात दिवा लागना. आमच्याकडं याला चोरी म्हणत्यात."

पुढच्याच आठवड्यात त्यांनी मला पुन्हा अडवलं. या वेळी चेहरा फुललेला. "वाढला बघा. कुणीतरी वाचायलंय."

मला आधीच उशीर झाला होता आणि माझा पाराही चढला होता. म्हटलं, काका, तो आकडा तुम्हीच वाढवताय. रोज अख्ख्या बिल्डिंगला पान उघडायला लावता, दर वेळी तो पुढं सरकतो. मी वाचत नाही, भाभी वाचत नाहीत, कुणीच वाचत नाही.

मला वाटलं, आता नियम सांगतील. पण ते कठडा धरून पायरीवर बसले. बीपी वाढलं की काय म्हणून मी नाडी बघायला हात धरला, तर त्यांनी तो झिडकारला.

"शकूवर झालतं ते," ते म्हणाले.

शकुंतलाकाकू कॅन्सरनं गेल्या, एवढंच बिल्डिंगला माहीत होतं. त्या चाचणीत होत्या, हे कुणालाच नाही.

"डॉक्टर म्हणले, गुण येईल न येईल, पण पुढच्यांना कळंल. ती म्हणली, मग लावा सुई. आता कुणी वाचतच नसंल, तर कळणार कुणाला?"

त्यांना इंग्रजी येत नाही, मला कामापुरतं येतं. दुकान राहिलं बाजूला. मी त्यांच्या शेजारी बसले आणि पहिल्या ओळीपासून मराठीत सांगत निघाले. औषध कसं काम करतं ते झालं. कुणाला लागू पडलं, कुणाला नाही, ते झालं. मग दुष्परिणाम आले.

"काही रुग्णांच्या अंगावर पुरळ उठलं आणि खाज सुटली," मी वाचलं.

"काही काय काही?" ते तडकले. "शकूच्या पाठभर होतं. मी खोबरेल चोळाया लागलो की म्हणायची, चोळू नका, नुसता हात ठेवा."

"कुठं लिवलंय ते?" त्यांनी विचारलं. मी ओळ दाखवली. त्यांनी तिच्यावर अख्खा तळहात टेकवला, तसं पान खाली सरकलं. मी ते परत जागेवर आणलं आणि फोन घट्ट धरून ठेवला.